वैद्यकीय सेवेचा मोबदला : शब्दभेद आणि अर्थभेद

१

आरोग्यव्यवस्थेतील सुधारणांची चर्चा सामान्यतः दोन बाजूंनी केली जाते. रुग्णाला काय मिळाले ही एक बाजू, आणि शासनाला किती खर्च आला ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला जो सेवा देणारा वर्ग, त्याच्या प्राप्तीवर सुधारणेचा काय परिणाम होतो याचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. आणि झालाच तर तो केवळ आकड्यांपुरता होतो. वस्तुतः मोबदला ज्या नावाने दिला जातो त्या नावाच्या अर्थातच प्राप्तीची वाढ वा घट बरीचशी ठरून गेलेली असते. फी, वेतन, दर, पॅकेज आणि मानधन हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज येतात. व्यवहारात मात्र त्यांपैकी प्रत्येक शब्द खर्चाचा, वेळेचा आणि अनिश्चिततेचा भार वेगवेगळ्या व्यक्तीच्या माथी टाकतो. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी ब्रह्मपुरी हे गाव सोयीचे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्येकडील हे तालुक्याचे ठिकाण शिक्षण आणि वैद्यक या दोन व्यवसायांमुळे आसपासच्या मुलखात ओळखले जाते. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून तो वेगळा काढण्यात आला. तथापि जिल्ह्याची सीमा बदलल्याने रुग्णाची वाट बदलत नाही. नागभीड, सिंदेवाही इकडूनच नव्हे, तर नदीपलीकडील देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा या भागांतूनही रुग्ण ब्रह्मपुरीच्या दवाखान्यांत येतात. यामुळे खाजगी डॉक्टर, शासकीय वैद्यकीय अधिकारी, विमायोजनेतील रुग्णालय आणि गावोगावची आशा स्वयंसेविका या चौघांचेही व्यवहार या एकाच परिसरात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

आरंभी एका संज्ञेचा खुलासा करणे अवश्य आहे. मराठीत 'उत्पन्न' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : हाती आलेली एकूण रक्कम, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम. वैद्यकीय व्यवसायाच्या चर्चेत या दोन अर्थांची सरमिसळ फार होते. यास्तव येथे पहिल्या अर्थी 'आवक' आणि दुसऱ्या अर्थी 'प्राप्ती' हे शब्द योजले आहेत. सुधारणा बहुधा आवकेवर घाव घालते. जखम मात्र प्राप्तीला होते, आणि ती घावापेक्षा मोठी असू शकते. याचे गणित पुढे यथावकाश येईल.

२

'फी' हा इंग्रजीतून आलेला शब्द मराठीत आता पुरता रुळला आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की फी ही देणारा आणि घेणारा या दोघांतच ठरते. तिसऱ्याचा तेथे संबंध नसतो. डॉक्टर ती ठरवतो हे खरे. परंतु रुग्णाची ऐपत, पिकाचा हंगाम, जुना परिचय आणि शेजारच्या दवाखान्यातील प्रघात या साऱ्यांचा तिच्यावर दाब असतो. धानाच्या मुलखात कापणीपूर्वीचे महिने हातात पैसा नसलेले असतात. त्या काळात फी कमी घेणे वा उधार ठेवणे आणि पुढे ती वसूल करणे, हा या पद्धतीचाच भाग होय. फीच्या पद्धतीत रुग्ण जितक्या वेळा येईल तितक्या वेळा आवक होते. म्हणून अनिश्चिततेचा भार मुख्यतः रुग्णावर असतो. आजार लांबला तर रुग्णाचा खर्च वाढतो, डॉक्टरांची आवक घटत नाही. फीवर आधारलेल्या व्यवस्थेविरुद्ध जगभर जो असंतोष निर्माण झाला, त्याचे मूळ या विषम वाटणीत आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला 'वेतन' आहे. हा संस्कृत शब्द, आणि त्याचा बोलीतील जोडीदार 'पगार' हा पोर्तुगीजांकडून आलेला. दोहोंचा अर्थ एकच : काळाचा मोबदला. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याने दिवसात वीस रुग्ण तपासले काय किंवा दीडशे तपासले काय, महिन्याच्या अखेरीस मिळणारी रक्कम तीच. येथे संख्येची अनिश्चितता पैशांत उमटत नाही, श्रमांत उमटते.

शासकीय डॉक्टराने खाजगी व्यवसाय करावा की नाही हा वाद जुना आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात पूर्णवेळ पगारी डॉक्टरांना खाजगी व्यवसायास मनाई असावी अशी शिफारस केली होती. या मनाईची भरपाई म्हणून जो भत्ता दिला जातो त्याला शासकीय मराठीत 'व्यवसायरोध भत्ता' असे भारदस्त नाव आहे. हे नाव अर्थदृष्ट्या लक्षणीय आहे. इतर भत्ते काही तरी केल्याबद्दल मिळतात. हा भत्ता काही तरी न केल्याबद्दल मिळतो. केंद्र शासनाच्या सेवेतील डॉक्टरांचा हा भत्ता सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये मूळ वेतनाच्या २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला. त्याच वेळी मूळ वेतन वाढलेले असल्याने ही घट डोळ्यांत भरली नाही. टक्केवारी पाहताना ती कशाची टक्केवारी आहे हे पाहणे किती आवश्यक आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

३

फी आणि दर या शब्दांत वरकरणी फरक दिसत नाही. तथापि 'दर' म्हटले की तो ठरवणारा कोणी तिसरा आला. खाजगी रुग्णालयांच्या बाबतीत महाराष्ट्रात हा बदल सर्वांत ठळकपणे कोविडच्या साथीत घडून आला. २१ मे २०२० रोजीच्या अधिसूचनेने राज्यातील खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर शासनाचे दर लागू झाले. उरलेल्या २० टक्के खाटांवर रुग्णालयांना स्वतःचे दर आकारण्याची मुभा राहिली. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता कक्षासाठी ७,५०० रुपये आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह अतिदक्षतेसाठी ९,००० रुपये अशी कमाल मर्यादा होती. ती मुंबईला जी, तीच ब्रह्मपुरीला.

१ जून २०२१ पासून यात बदल झाला. राज्यातील गावांचे तीन वर्ग करण्यात आले. मुंबई, पुणे, नागपूर यांसारखी महानगरे पहिल्या वर्गात राहिली आणि तेथील दर कायम राहिले. मध्यम शहरांचा दुसरा वर्ग झाला. उरलेला सारा महाराष्ट्र, आणि त्यात ब्रह्मपुरी, तिसऱ्या वर्गात गेला. त्या वर्गासाठी वरील तीन दर अनुक्रमे २,४००, ४,५०० आणि ५,४०० रुपये ठरले. तिन्हींतील घट मोजल्यास ती बरोबर ४० टक्के भरते.

आता या घटीचा प्राप्तीवर काय परिणाम होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका लहान रुग्णालयात शासकीय दराने भरलेल्या आठ साध्या खाटा आहेत. जुन्या दराने दिवसाची आवक ३२,००० रुपये होते. परिचारिका, सफाई कामगार, प्राणवायू, वीज, भोजन, औषधे आणि इमारतीचा हप्ता मिळून दिवसाचा खर्च १६,००० रुपये आहे असे मानू. म्हणजे प्राप्ती १६,००० रुपये. नव्या दराने आवक १९,२०० रुपये होते. खर्च तेवढाच राहिला तर प्राप्ती ३,२०० रुपये उरते. आवक ४० टक्क्यांनी घटली, प्राप्ती मात्र ८० टक्क्यांनी. स्थिर खर्चाचा वाटा जितका मोठा, तितके हे अंतर वाढते. दरकपातीविषयी शासन आणि डॉक्टर एकाच आदेशाबद्दल बोलत असूनही त्यांचे आकडे जुळत नाहीत, त्याचे एक कारण असे, की एक पक्ष आवकेची घट सांगत असतो आणि दुसरा प्राप्तीची.

वर्गवारीमागील गृहीत असे, की लहान गावात खर्च कमी असतो. जागेचे भाडे आणि स्थानिक कामगारांचे वेतन यांपुरते ते खरे आहे. परंतु यंत्राची किंमत गाव पाहून बदलत नाही. प्राणवायूचे सिलिंडर दुरून आणावे लागले तर वाहतुकीचा खर्च वाढतो. आणि भूलतज्ज्ञ वा अन्य विशेषज्ञ बाहेरगावाहून बोलवावा लागला तर त्याच्या फीत प्रवासाचा वेळही धरला जातो. म्हणजे 'ग्रामीण' या एका विशेषणाखाली खर्चाच्या काही बाबी उतरतात आणि काही चढतात. या दोन्हींची गोळाबेरीज न करता विशेषणावरूनच दर ठरवणे हा भाषेने व्यवहारावर केलेला अतिक्रमच म्हणावा लागेल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरातले माणूस अतिदक्षता कक्षात असताना भाव करण्याच्या स्थितीत कोणीच नसतो. फी दोघांत ठरते हे म्हणणे अशा वेळी नाममात्र उरते. दोन एकर धानाच्या शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ९,००० आणि ५,४०० यांतील अंतर म्हणजे दर दिवशी ३,६०० रुपयांचे कर्ज वाचणे होय. दर असावा की नसावा हा येथे प्रश्नच नाही. तो कोणत्या हिशेबाने ठरावा हा प्रश्न आहे.

४

'पॅकेज' हा शब्द या मालिकेत सर्वांत नवा आणि सर्वांत दूरगामी. मुळात त्याचा अर्थ गठ्ठा वा पुडके. वैद्यकीय व्यवहारात तो शब्द आला तो या अर्थाने, की एका उपचारासाठी लागणाऱ्या सर्व बाबी एकत्र बांधून त्यांची एकच किंमत ठरवावयाची. अमेरिकेतील वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेने १९८३ मध्ये रुग्णालयांना प्रत्येक बाबीचे पैसे देण्याऐवजी निदानाच्या गटानुसार आधीच ठरवलेली एक रक्कम देण्यास आरंभ केला, आणि त्यानंतर ही पद्धत निरनिराळ्या रूपांनी अनेक देशांत पसरली.

महाराष्ट्रात ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने रूढ केली. २ जुलै २०१२ रोजी ही योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, चंद्रपूर नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यात लागू झाली. म्हणजे सुमारे सोळा महिने वैनगंगेच्या एका तीरावरील शिधापत्रिका योजनेस पात्र होती आणि दुसऱ्या तीरावरील नव्हती. आरंभी तीत ९७२ उपचारांचा समावेश होता आणि कुटुंबाला वर्षास दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. आणि २०२३ च्या निर्णयाने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांची मर्यादा ओलांडून सर्व कुटुंबांना वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले.

पॅकेजात काय बांधले आहे हे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया करणाऱ्याची व भूल देणाऱ्याची फी, औषधे, तपासण्या, भोजन, घरी परतण्याचा प्रवासखर्च आणि घरी गेल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे, हे सारे एका रकमेत येते. रुग्ण पाचव्या दिवशी बरा झाला तर उरलेली रक्कम रुग्णालयाची; जखम चिघळून पंधरा दिवस राहावे लागले तर वाढलेला खर्चही रुग्णालयाचा. फीच्या पद्धतीत अनिश्चिततेचा जो भार रुग्णावर होता, तो येथे संपूर्णपणे सेवा देणाऱ्यावर येतो. मोठ्या रुग्णालयाला हा भार पेलतो, कारण शंभर रुग्णांत काहींचा तोटा इतरांच्या लाभाने भरून निघतो. महिन्याला तीन-चारच शस्त्रक्रिया करणाऱ्या लहान रुग्णालयाला सरासरीचा हा आधार नसतो. त्यातही जंगलपट्टीतील रुग्ण दवाखान्यात पोचतो तो बहुधा उशिरा, रक्तक्षय वा सिकलसेलसारखे दुखणे बरोबर घेऊन. पॅकेजाची रक्कम मात्र सामान्य रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली असते.

पॅकेजाबरोबर 'दावा' हा शब्दही आला. फी मिळते, दावा मंजूर व्हावा लागतो. उपचारापूर्वी पूर्वमान्यता, उपचारानंतर कागदपत्रे, त्यानंतर छाननी, आणि मग रक्कम. सेवा आणि मोबदला यांत अशा रीतीने काळाचे अंतर पडते. अंतर वाढले की औषधविक्रेत्याची उधारी आणि कर्मचाऱ्यांचे पगार रुग्णालयाला पदरचे भागवावे लागतात. दर एका पैशाने न घटताही येथे प्राप्ती घटते. शिधापत्रिकेवर एक आणि आधारपत्रावर दुसरे असे नावाचे लेखन असले तरी काम अडू शकते. ज्या मुलखात गोंडी-माडिया नावे मराठी लेखणीतून कागदावर उतरतात, तेथे लेखनभेद ही केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाची बाब राहत नाही.

सीमेचा प्रश्न याही योजनेत आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'आकांक्षित' म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांतील रुग्णालयांना पॅकेजाच्या रकमेवर १० टक्के अधिक देण्याची तरतूद आहे; राज्यांना तीत फेरफाराची मुभा आहे. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली आहे, चंद्रपूर नाही. गडचिरोलीच्या रुग्णावर ब्रह्मपुरीत उपचार करणारे रुग्णालय या तत्त्वाच्या बाहेर राहते. मागासलेपण येथे रुग्णाच्या घरावरून मोजलेले नसून रुग्णालयाच्या पत्त्यावरून मोजलेले आहे.

५

उतरंडीच्या अगदी खालच्या पायरीवर 'मानधन' हा शब्द आहे. त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे. संस्कृतात 'मानधन' हा बहुव्रीही समास असून 'मान हेच ज्याचे धन आहे असा' हा त्याचा अर्थ. भारवीच्या किरातार्जुनीयात तो योद्ध्यांचे विशेषण म्हणून येतो. आधुनिक मराठीने त्याच पदांचा 'मानार्थ दिलेले धन' असा निराळा विग्रह केला आणि व्याख्याते, परीक्षक, कलावंत यांना दिल्या जाणाऱ्या रकमेस ते नाव दिले. ज्याचा उदरनिर्वाह अन्य मार्गाने चालतो त्याला आदरापोटी दिलेली रक्कम, असा या शब्दाचा संकेत आहे.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आशा नेमल्या, तेव्हा त्यांना कर्मचारी न म्हणता 'स्वयंसेविका' म्हटले गेले आणि त्यांचा मोबदला कामागणिक ठेवण्यात आला : प्रसूतीसाठी गर्भवतीला दवाखान्यात नेले तर इतके, लसीकरणाला इतके. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात भरारी पथकांतील डॉक्टरांनाही 'मानसेवी' हेच विशेषण लावले गेले. केंद्राकडून आशांना नियमित कामांसाठी मिळणारी मासिक रक्कम २०१८ मध्ये १,००० रुपयांवरून २,००० रुपये झाली. महाराष्ट्रात २०२३ व २०२४ मधील संपांनंतर मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने आपल्या निधीतून मासिक ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. रक्कम वाढली, नाव तेच राहिले.

नावाला एवढे महत्त्व का द्यावे? कारण वेतनाला किमान वेतन, उपदान, रजा यांचे कायदेशीर कवच असते. मानधनाला ते आपोआप मिळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की त्यांना मिळणारे मानधन हे उपदान कायद्याच्या अर्थाने वेतनच होय. हा निर्णय आशांविषयीचा नाही. परंतु देणाऱ्याने लावलेले नाव आणि कामाचे वास्तव स्वरूप यांत विरोध आला असता न्यायालय नावापलीकडे पाहू शकते, हे त्यातून सिद्ध होते. तोवर या शब्दाचा जुना, बहुव्रीही अर्थच अधिक खरा ठरतो, ही खेदाची गोष्ट आहे.

६

मोबदल्यात कपात झाली असता सेवा देणारा स्वस्थ बसत नाही. त्याला सामान्यतः तीन मार्ग खुले असतात. पहिला, सेवांची संख्या वाढवणे. अमेरिकेत १९९२ मध्ये डॉक्टरांच्या फीची नवी श्रेणी लागू करताना शासकीय गणितज्ञांनी असे गृहीत धरले होते, की फीतील घटीपैकी निम्मी रक्कम डॉक्टर वाढीव सेवांतून भरून काढतील. दुसरा मार्ग, दर नसलेल्या सेवांकडे वळणे. तिसरा, ते काम वा ते गावच सोडणे.

महानगरात पहिले दोन मार्ग सुकर आहेत. तेथे रुग्णसंख्या मोठी आणि सेवांचे प्रकार अनेक. ब्रह्मपुरीसारख्या ठिकाणी लोकसंख्येला मर्यादा आहे आणि ऐपतीला त्याहून अधिक. म्हणून तेथे तिसरा मार्ग जवळचा ठरतो. एखादा शल्यचिकित्सक नागपूरला गेला तर नागपुरात एकाची भर पडते. पण नदीपलीकडच्या रुग्णाला जवळची सेवा उरत नाही आणि शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास त्याच्या नशिबी येतो. पॅकेजात परतीचे भाडे असते. बुडालेल्या मजुरीचा आणि सोबत आलेल्या माणसाच्या जेवणाचा हिशेब त्यात नसतो. अशा रीतीने डॉक्टरांच्या प्राप्तीतील घट फिरून रुग्णाच्या खर्चात अवतरते.

यावरून सुधारणा नकोत असा निष्कर्ष निघत नाही. फीच्या निर्बंधरहित व्यवहारात रुग्ण असहाय होता, आणि जीवनदायी योजनेने अनेक कुटुंबांचे दागिने व जमिनी वाचवल्या, हे नाकारता येणार नाही. निष्कर्ष एवढाच, की कोणताही नवा आदेश हाती आला असता अभ्यासकाने आकड्याआधी शब्द वाचावा आणि पाच गोष्टी विचाराव्यात. ही रक्कम काळाची आहे, कृतीची आहे की गठ्ठ्याची? ती कोणी ठरवली आणि केव्हा बदलणार? आजार लांबल्यास भार कोणावर? सेवा आणि रक्कम यांत किती दिवसांचे अंतर आहे? आणि दिलेल्या नावामुळे घेणाऱ्याचा कोणता हक्क जागा होतो वा कोणता निजलेला राहतो? मोबदल्याची चर्चा नव्याने होईल तेव्हा ब्रह्मपुरीच्या परिसरातील शल्यचिकित्सकाला, परिचारिकेला आणि आशेला हे प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतील. कारण एकाच 'उत्पन्न' या शब्दाखाली त्या तिघांची उत्तरे मावणारी नाहीत.